आलूचं धिरडं, उपास आणि घरोघरची रीत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आषाढी, महाशिवरात्री, गोकुळाष्टमी, नवरात्र, यातलं काही जवळ आलं की फोन सुरू होतात आणि व्हॉट्सअॅपवर फोटो येतात, धिरडं तुटलं, काळं पडलं, सासूबाई म्हणतात हे चालत नाही, वगैरे. प्रश्न फिरून फिरून तेच असतात म्हणून एका जागी लिहून ठेवते. गावाकडच्या घरात जे सामान असतं त्याच हिशोबाने लिहिलं आहे, आणि बटाट्याला आपण आलूच म्हणतो म्हणून आलूच लिहिलं आहे. एकाचं उत्तर दुसऱ्यात आलं असेल तर तिथला नंबर दिला आहे.

१. आलूचं धिरडं आणि आलूचं थालीपीठ एकच ना?

नाही. धिरडं कच्च्या आलूच्या किसाचं, तव्यावर पातळ पसरायचं, कडा कुरकुरीत होतात आणि मधोमध मऊ राहतं. थालीपीठ उकडलेल्या आलूचं, गोळा करून थापायचं, ते सगळंच मऊ लागतं. दात नसलेल्या म्हाताऱ्या माणसांना आणि लहान लेकरांना थालीपीठ बरं, बाकीच्यांना धिरडं. वेळ कमी असेल तर धिरडं, कारण उकडायची भानगड नाही. खाली जास्त करून धिरड्याबद्दलच लिहिलं आहे कारण नव्वद टक्के प्रश्न त्याचेच येतात, थालीपीठ सहसा कोणाचं बिघडत नाही.

२. साधं माप सांगा, चार माणसांचं.

अर्धा किलो आलू, भगरीचं किंवा राजगिऱ्याचं पीठ चार मोठे चमचे, फल्लीदाण्याचं (शेंगदाण्याचं) जाडसर कूट चार मोठे चमचे, तीन-चार हिरव्या मिरच्या आणि बोटाच्या पेराएवढी अद्रक कुटून, एक छोटा चमचा जिरं, मीठ चवीपुरतं. आलू सोलून मोठ्या भोकाच्या किसणीवर थेट पाण्याच्या गंजात (पातेल्यात) किसायचे, एकदा हलवून कीस काढायचा, पातळ सुती कापडात घालून चांगला पिळायचा, मग कोपरात (परातीत) घेऊन बाकी सगळं मिसळायचं. मीठ अगदी शेवटी, तवा तापल्यावरच. तव्यावर तेल सोडून मूठभर गोळा ठेवायचा आणि पाण्याचा हात लावून पातळ पसरायचा. मध्यम आचेवर झाकण ठेवून तीन-चार मिनिटं, मग झाकण काढून, कडेने तेल सोडून सराट्याने (उलथन्याने) उलटायचं, दुसरी बाजू उघडीच भाजायची. एवढ्यात तळहाताएवढी आठ-नऊ होतात.

एक गोष्ट लक्षात ठेवा, गंजातलं पाणी फेकायचं नाही. पंधरा मिनिटं तसंच राहू द्या, मग वरचं पाणी हळूच ओता, तळाशी पांढरं घट्ट सत्त्व बसलेलं दिसेल. ते किसात परत घालायचं. त्याने धिरडं धरून राहतं, वेगळं पीठ कमी लागतं आणि चव आलूचीच राहते. माझ्या मते चांगलं धिरडं आणि बरं धिरडं यातला फरक हाच.

३. किसला की आलू लाल-काळा पडतो, त्यात काही खराबी असते का?

खराबी नसते. चिरल्यावर आलूच्या आतल्या रसाला हवा लागते आणि रंग बदलतो, वांग्याचं होतं तेच. थेट पाण्यात किसला तर होत नाही. तरीही पिळून मिसळेपर्यंत थोडा रंग येतोच, अर्धं निंबू पिळलं तर कमी येतो. पण सकाळी किसून दुपारी भाजायचं असं करू नका, पाण्यात ठेवलं तरी कीस मऊ पडतो. पाहुणे असतील तर बाकीची तयारी आधी करून ठेवा, कूट, मिरची, पीठ, आणि आलू शेवटी किसा.

४. उलटताना तुटतंच. पीठ वाढवलं तर चिवट होतं. मग करायचं काय?

बहुतेक वेळा तीन कारणं असतात. एक म्हणजे कीस नीट पिळला नाही, म्हणजे तव्यावर आलू भाजायच्या ऐवजी वाफेत शिजतो. दुसरं म्हणजे मीठ आधीच घालून ठेवलं. मीठ आलूतलं पाणी बाहेर ओढतं, दहा मिनिटांत कोपरात तळं साचतं, मग आपण घाबरून पीठ घालतो आणि ते चिवट होतं. जास्त जणांचं करायचं असेल तर एका वेळी दोन तव्यांपुरताच कीस वेगळा घेऊन त्यालाच मीठ घाला. तिसरं कारण घाई. खालची बाजू पक्की झाली की धिरडं आपोआप तवा सोडतं, सराटा खाली सरकत नसेल तर अजून वेळ आहे असं समजा, ओढू नका.

नवीन तव्यावर पहिलं धिरडं हमखास चिकटतं, त्याला इलाज म्हणजे तवा आधी तेल लावून चांगला तापवायचा, मग आच कमी करायची. बिडाचा तवा असेल तर फार छान. नॉनस्टिकवर तुटत नाही हे खरं पण कडा तशा येत नाहीत.

५. महाशिवरात्रीला छान होतं आणि आषाढीला तेच माप घेऊन बाहेरून काळं, आतून कच्चं. असं काहून?

हा प्रश्न मला फार आवडतो कारण याचं कारण आलूतच आहे, तुमच्या हातात नाही. आलू आपल्याकडे रब्बीचं पीक, दिवाळीच्या आसपास लावतात आणि जानेवारी-फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतात. महाशिवरात्री फेब्रुवारी-मार्चमध्ये येते, म्हणजे बाजारात तेव्हा नवा आलू असतो, साल पातळ, अंगात पाणी जास्त. आषाढी येते जून-जुलैमध्ये, तेव्हा जो आलू मिळतो तो कोल्ड स्टोरेजमधून निघालेला असतो. थंडीत राहिलं की आलूतल्या पिठाची थोडीथोडी साखर होते, आणि साखर तव्यावर लवकर लाल होते, नंतर काळी होते, तोपर्यंत आत शिजलेलंच नसतं. चवीला पण जरा गोडसर लागतो, तुम्ही पाहिलं असेल.

म्हणून नव्या आलूला जास्त पिळायचं आणि एखादा चमचा पीठ जास्त. स्टोरेजच्या आलूला पाण्यात दोन वेळा धुवायचं म्हणजे वरची साखर जाते, आच कमी ठेवायची, धिरडं अजून पातळ पसरायचं आणि झाकण जास्त वेळ ठेवायचं. आषाढीसाठी आलू आठ-पंधरा दिवस आधीच आणून टोपलीत, अंधाऱ्या कोरड्या जागी ठेवले तर उबेने ती साखर बरीच कमी होते. आणि आलू फ्रिजमध्ये ठेवू नका, तिथे पुन्हा तेच सुरू होतं.

जातीचाही फरक पडतो. कुफरी चिप्सोना ही जात चिप्ससाठीच काढलेली, त्यात पीठ जास्त आणि साखर कमी, ती मिळाली तर धिरडं सुरेख होतं. कुफरी हे नाव शिमल्याजवळच्या गावावरून आलं, तिकडे केंद्रीय आलू संशोधन संस्था आहे. पण आठवडी बाजारात ढिगाजवळ उभं राहून जात कोण सांगणार, तिथे साल थोडी खरबरीत आणि दाबून टणक लागेल असा आलू घ्या, एवढं पुरे.

६. चुलीवर करतो, पऱ्हाटीचा (कपाशीच्या वाळल्या झाडांचा) जाळ असतो. आच सांभाळता येत नाही.

पऱ्हाटी भपकन पेटते आणि लगेच बसते, धिरड्याला ती आच चालत नाही. पऱ्हाटीवर तवा तापवून घ्या, तोवर बाजूला बाभळीचं किंवा दुसरं जाड लाकूड पेटू द्या आणि धिरडं निखाऱ्यावर करा. जाळ तव्याच्या बुडाला लागत असेल तर लाकडं मागे ओढायची. भाकरीला जशी आच लागते त्याच्यापेक्षा बरीच कमी लागते, हाताला सवय भाकरीची असते म्हणून चूक होते. निखाऱ्यावरच्या धिरड्याला जो खरपूसपणा येतो तो गॅसवर येत नाही, त्यामुळे चूल असेल तर सोडू नका.

७. उपासाला कोणतं तेल? आमच्या घरी सोयाबीनचंच असतं.

जुन्या रीतीने फल्लीतेल किंवा तूप. बऱ्याच घरी सोयाबीन आणि सरकीचं तेल उपासाला घेत नाहीत, सोयाबीन कडधान्यात मोजतात म्हणून. कडक पाळणाऱ्या घरी जात असाल किंवा तिथल्या माणसांना बोलावलं असेल तर फल्लीतेलाचंच करा, विचारायची वेळ येऊ देऊ नका. फल्लीतेल महाग आहे हे मला माहीत आहे, पण धिरड्याला तळणासारखं तेल लागत नाही, पाव लिटरमध्ये घरचा एक उपास आरामात निघतो. गावात घाणा असेल तर ताजं काढून आणा, वासच वेगळा असतो. घरात सोयाबीनशिवाय दुसरं काही नसेल आणि घरच्यांची हरकत नसेल तर त्याच तेलात करा, उपास मोडला असं माझ्यापुरतं तरी मी म्हणणार नाही.

८. हळद, हिंग, सांभार (कोथिंबीर), जिरं, यातलं उपासाला काय चालतं? सासरी सांभार घालतात, माहेरी घालत नाहीत. कोणाचं बरोबर?

दोघांचंही. हे नियम घरोघरचे आहेत आणि एकाच गावात दोन गल्ल्यांत वेगळे निघतात. साधारण असं दिसतं : हिरवी मिरची, अद्रक, जिरं, निंबू बहुतेकांना चालतं. हळद आणि मोहरी बहुतेकांना चालत नाही. सांभाराचं अर्धं-अर्धं, कोथिंबिरीची पानं म्हणजे भाजी म्हणून काही सोडतात. लाल तिखट काही घरी घेतात, काही घरी नाही. मीठ काही जण फक्त शेंदेलोण घेतात.

हिंगाचं मात्र वेगळं आहे. बाजारातला डबीतला हिंग नुसता हिंग नसतो, त्यात गव्हाचं पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो, डबीवर वाचून पाहा. धान्य सोडलं असेल तर तो हिंग घालायचा नाही, यात घरचा-दारचा प्रश्न नाही.

नव्या सुनेला माझं सांगणं एवढंच की पहिल्या उपासाच्या आधी सासूबाईंना बसून विचारून घ्या आणि वहीत लिहून ठेवा, नुसतं काय चालतं एवढंच नाही तर त्यांच्या आईकडे काय होतं तेही. त्यांनाही बरं वाटतं, आणि नंतर विचारायला माणूस राहत नाही. आणि सासूबाईंनाही सांगते, सुनेच्या माहेरची एखादी रीत घरात येऊ द्या, महाशिवरात्रीला एक धिरडं तिच्या पद्धतीचं झालं तर महादेव रागावत नाही.

९. भगरीचं पीठ एकादशीला घालू का?

बऱ्याच वारकरी घरांत एकादशीला भगर खात नाहीत, ते धान्यच आहे म्हणतात, महाशिवरात्रीला आणि नवरात्रात मात्र खातात. अशा घरी राजगिऱ्याचं किंवा शिंगाड्याचं पीठ घाला. शिंगाडा आपल्या भंडारा-गोंदियाकडच्या तलावांतच पिकतो, तिकडचं कोणी येत असेल तर मागवून घ्या. शिंगाड्याच्या पिठाने धिरडं जास्त कुरकुरीत होतं पण थंड झाल्यावर कडक पडतं, राजगिऱ्याने मऊ राहतं.

भगरीच्या पिठाबद्दल एक काळजीची गोष्ट. सुटं, जुनं, दमट जागी राहिलेलं पीठ घेऊ नका. त्यात बुरशी धरते आणि डोळ्यांना दिसत नाही, नवरात्रात भगरीने विषबाधा झाल्याच्या बातम्या येतात त्या यामुळेच. अख्खी भगर घ्या, निवडा, धुवा, कडक उन्हात वाळवा आणि लागेल तेवढीच घरी मिक्सरमध्ये दळा. एवढी मेहनत कराच, लेकरं खातात.

१०. आलू तर बाहेरून आलेला म्हणतात, मग तो उपासाला कसा चालतो?

आलू मुळात दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताकडचा, आणि आपल्या देशात तो पोर्तुगीजांच्या जहाजांतून आला. पण एकट्या आलूचं कशाला, उपासाचं ताट समोर घेऊन बघा. फल्लीदाणे तिकडचेच, मिरची तिकडचीच, रताळी तिकडचीच, साबुदाणा ज्या कंदापासून बनतो तो टॅपिओकाही तिकडचाच, एवढंच काय राजगिराही. संत ज्ञानेश्वर-नामदेवांच्या काळात यातलं ताटात काहीच नव्हतं, आणि एकादशी तेव्हाही होती. भगर, शिंगाडा, सुरण, कवठ, दूध, ताक, ही जुनी मंडळी.

म्हणून कोणी म्हणालं की आलू खरा उपासाचा नाही तर त्यांनी स्वतः खाऊ नये, पण दुसऱ्याच्या ताटाकडे बोट दाखवू नये. धान्य सोडायचं हा नियम जुना, धान्याच्या जागी काय खायचं ते प्रत्येक पिढीने आपल्या हाताशी जे होतं त्यातून ठरवलं. आपल्या आज्यांनी ठरवलं तसं आपण ठरवतो.

११. परदेशातही सणाला आलूचं धिरडं करतात असं मुलाने मोबाईलवर दाखवलं. खरं आहे का?

खरं आहे, आणि छान गोष्ट आहे. ज्यू लोकांचा हनुका नावाचा सण असतो, आठ रात्रींचा, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये येतो. जेरुसलेमचं मंदिर परत मिळालं तेव्हा दिव्यात एका दिवसापुरतंच तेल होतं आणि ते आठ दिवस पुरलं अशी त्यांची श्रद्धा, म्हणून रोज संध्याकाळी एकेक दिवा वाढवत लावतात आणि तेलात तळलेलं खातात. त्यात लाटके म्हणजे किसलेल्या आलूचं जाड छोटं धिरडं, कांदा आणि अंडं घालून, सोबत सफरचंदाचा शिजवलेला गर नाहीतर आंबट साय. म्हणजे तिथे आलू उपासाचा नाही, उत्सवाचा. त्यांच्याकडेही आलू नंतर आला, त्याच्या आधी चीजचे करायचे.

जर्मनीत, पोलंडमध्ये, बेलारूसमध्येही असंच किसलेल्या आलूचं करतात, तिथे ते सगळ्यांचंच घरगुती खाणं आहे, जर्मनीत नाताळच्या बाजारात गरम गरम विकतात. कीस पिळायचा आणि तळाचं सत्त्व परत घालायचं हे त्यांच्या आज्याही सांगतात.

आणि ज्यू लोक काही फक्त दूरदेशीचे नाहीत. आपल्या कोकणात, रायगडकडे बेने इस्रायल समाज पिढ्यान् पिढ्या राहिला, घरात मराठी बोलतो. ते तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे म्हणून गावोगाव त्यांना शनिवार तेली म्हणत. त्यांचं सणाकार्याचं खाणं मात्र आपल्या मातीतलंच, पोहे, ओलं खोबरं आणि गोड घालून केलेला मलिदा, सोबत फळं.

१२. कांदा घालून केलं तर? कधी करायचं?

उपास नसेल तेव्हा जरूर करा. त्यासाठी उत्तम दिवस म्हणजे कांदेनवमी, आषाढ शुद्ध नवमी, आषाढीच्या दोन दिवस आधी. चातुर्मासात ज्यांच्या घरी कांदा-लसूण-वांगं बंद होतं ते त्या दिवशी कांद्याचं सगळं करून घेतात, भजी, झुणका, थालीपीठ. त्यात आलू-कांद्याचं धिरडं बसवा. अर्धा किलो आलूला दोन मोठे कांदे, किसूनच घ्या आणि आलूसोबतच पिळा, कारण कांद्याला पाणी फार सुटतं. भगरीच्या जागी बेसन किंवा ज्वारीचं पीठ, भरपूर सांभार, हळद आणि भिवापुरी तिखट. बाकी सगळं २ प्रमाणे. आषाढात तळणही चालू असतंच, गुलगुल्यांच्या कढईत याचे छोटे गोळे सोडले तरी लेकरं उभ्या उभ्या संपवतात.

१३. सोबत काय द्यायचं?

महाशिवरात्रीला कवठाची चटणी, गूळ-मिरची-जिरं घालून, याच्यासारखी जोडी नाही. ज्यू लोक लाटक्यासोबत सफरचंदाचा गर कशाला घेतात ते कवठाची चटणी खाल्ली की कळतं, तेलकट-खारटाला आंबट-गोड हवंच असतं. बाकी दिवशी घट्ट दही, नाहीतर फल्लीदाण्याची पातळ आमटी. उपासाचं निंबाचं लोणचं घरी असेल तर तेही. साबुदाण्याची उसळ आणि धिरडं दोन्ही एकाच ताटात नको, जड होतं आणि दुपारभर सुस्ती येते.

१४. आमच्या गावात दिंडी मुक्कामाला येते, पन्नास माणसांचा फराळ आहे. धिरडं जमेल का?

जमतं पण विचार करून ठरवा. माणशी दोन धरली तर शंभर धिरडी, म्हणजे आलू सहा ते सात किलो आणि निदान तीन तवे एकदम चालू हवेत. तीन तवे आणि करणारी चार-पाच माणसं नसतील तर उसळ करा, ती एका मोठ्या गंजात होते, वारकऱ्याला थांबवून ठेवणं बरं नाही, त्याला पुढे चालायचं असतं.

तव्यावरचंच करायचं असेल तर धिरड्याऐवजी उकडलेल्या आलूचं थालीपीठ धरा. आलू आदल्या रात्री उकडून सालासकट पसरून ठेवायचे. रात्रभर थंड झालेला आलू सकाळी किसला की मोकळा पडतो, चिकट होत नाही, गरम आलू कुस्करला तर गोंदासारखा होतो. पावसाळ्यात ढीग करून झाकून ठेवू नका, आंबतो. मिठाचं ४ मध्ये लिहिलं आहे ते इथे दुप्पट लागू, सहा किलो किसाला एकदम मीठ घातलं की सकाळ वाया गेली. शेगावची पालखी ज्या वाटेने पंढरपूरला जाते त्या वाटेवरच्या गावांतल्या बायांना हे सगळं पाठ असतं, कोणी ओळखीचं असेल तर त्यांच्याकडून शिका.

१५. उपास माझाही असतो आणि तव्यापाशीही मीच. सगळ्यांचं होईपर्यंत माझं थंड होतं, भूकही मरते. काही युक्ती?

हा प्रश्न जितक्या बायांनी पाठवला तितका दुसरा कोणताच नाही. काही जणींनी मजेत लिहिलं, काही जणींनी नाही.

युक्ती म्हणाल तर दोन तवे एकदम लावा, केलेली धिरडी एकावर एक न रचता जाळीवर उभी-आडवी ठेवा म्हणजे मऊ पडत नाहीत. पण खरं उत्तर युक्तीचं नाही. धिरडं तव्यावरून थेट ताटात खायचा पदार्थ आहे, त्यामुळे जो करतो त्याला ते कधीच मिळत नाही, आणि आपल्याकडे करणारी नेहमी तीच असते. त्यात तिचा निर्जळी नाहीतर कडक उपास, आणि ज्यांचा उपास नाही त्यांचा वरणभात वेगळा, तोही तिनेच. हरतालिकेला तर पाहा, सगळ्यांचं वाढून झाल्यावर तिच्या वाट्याला काय येतं.

म्हणून मी सरळ सांगते, पहिली दोन धिरडी उपास करणाऱ्या बाईने खायची, गरम, बसून, आणि तेवढा वेळ तवा दुसऱ्या कोणी धरायचा. नैवेद्य दाखवून झाला की हरकत काय आहे? धिरडं उलटणं दहा वर्षांच्या मुलाला येतं, मग त्याच्या बापालाही येतं. कीस पिळायला तर ताकद लागते, ते काम पुरुषांनीच करावं. घरात हे बोलायला अवघड जात असेल तर हा प्रश्न आणि उत्तर घरच्या ग्रुपवर टाका, माझं नाव सांगा, माझी काही हरकत नाही.

१६. शुगर असलेल्यांनी खावं का?

आलू आणि साबुदाणा दोन्हींनी साखर लवकर वाढते, त्यात सकाळभर उपाशी राहून एकदम भरपूर खाल्लं तर जास्तच. खायचंच असेल तर एखादं, कूट जास्त आणि राजगिऱ्याचं पीठ घालून, सोबत दही. पण खरी अडचण गोळी किंवा इन्सुलिनची असते, ते घेऊन उपाशी राहिलं तर साखर एकदम खाली जाऊन चक्कर येते. उपासाच्या आधीच डॉक्टरांना विचारा, गोळी कधी आणि किती, आणि ते नको म्हणाले तर नको. गरोदर बाई, आजारी माणूस, शेतात दिवसभर राबणारा, यांनी उपास नाही केला तर देव हिशोब मागत नाही.

१७. ऋषिपंचमीला आलू चालतो का?

इथे सगळे फसतात, कारण उपासाला चालतो म्हणजे ऋषिपंचमीलाही चालेल असं वाटतं. ऋषिपंचमीचा नियम वेगळा, धान्याचा नाही तर बैलाच्या श्रमाचा. नांगरटीच्या जमिनीत, बैलाच्या मेहनतीने पिकलेलं त्या दिवशी खायचं नाही, म्हणून ऋषीची भाजी परसातल्या, हाताने लावलेल्या भाज्यांची करतात, अळू, लाल भोपळा, भेंडी, दोडका, असं. आलू नांगरलेल्या शेतातला, म्हणून नियम धरला तर चालत नाही. परसात खुरप्याने स्वतः लावला तर चालेल असं म्हणता येईल, पण भाद्रपदात आपल्याकडे परसात आलू निघतच नाही (हंगाम ५ मध्ये पाहा). आता बैलाऐवजी ट्रॅक्टर आहे मग काय, असंही विचारतात. कष्ट बैलाचे आठवायचे म्हणून हा दिवस, पोळा होऊन थोडेच दिवस झालेले असतात, तेव्हा एक दिवस आलू नाही खाल्ला तर बिघडत नाही.

१८. महालक्ष्म्यांच्या किंवा पोळ्याच्या नैवेद्यात धिरडं ठेवता येईल का?

ठेवायची रीत नाही. महालक्ष्म्यांना पुरणपोळी, आंबील, सोळा भाज्या, फुलोरा, पोळ्याला पुरणपोळी, ती बैलालाही. सोळा भाज्यांत आलू मोजायचा की नाही ते घरचं.

१९. आलूला मोड आलेत, काही हिरवे झालेत. फेकून देऊ?

छोटे मोड आणि आलू टणक असेल तर मोड खोलवर कोरून काढा आणि वापरा. हिरवा झालेला आलू उजेडात पडून राहिलेला असतो, त्यात सोलॅनिन नावाचं विषारी द्रव्य वाढतं, चव कडू लागते, शिजवल्यानेही जात नाही. थोडासाच हिरवा असेल तर जाड साल काढून तो भाग टाका, बराच हिरवा किंवा सुरकुतलेला मऊ असेल तर फेका, गाईला पण घालू नका. आलू कांद्याच्या टोपलीत ठेवू नका, दोन्ही लवकर खराब होतात.

२०. धिरड्याचा कीस उरला, किंवा आलू जास्त आहेत. वाळवून ठेवता येईल का?

मीठ-मिरची लावलेला कीस वाळवता येत नाही, तो त्याच दिवशी संपवा. भाजलेली धिरडी उरली तर संध्याकाळी कोरड्या तव्यावर मंद आचेवर परत कडक होतात, द्वादशीला सकाळपर्यंत ठेवायची तर थंडीच्या दिवसांत ठीक, पावसाळ्यात नको.

आलू जास्त असतील तर वाळवणाचा कीस करा पण तो फेब्रुवारी-मार्चमध्येच, नवा स्वस्त आलू असतो आणि आपलं ऊन कडक. किसून दोन-तीन पाण्यांतून धुवायचा, उकळत्या पाण्यात तुरटीचा खडा फिरवून त्यात दोन मिनिटं सोडायचा, निथळून गच्चीवर धुतलेल्या लुगड्यावर पातळ पसरायचा. दुपारी एकदा हलवायचा. दोन दिवसांत काचेसारखा कडकडीत झाला पाहिजे, वाकला तर अजून ओल आहे. धुतलेल्या पाण्याच्या तळाशी जे सत्त्व बसतं तेही ताटात पसरून वाळवा, वड्या मोडून बरणीत भरा. आषाढीला स्टोरेजच्या आलूचं धिरडं धरत नसेल तेव्हा त्यातलाच एक चमचा घाला.